बेल्ट परीक्षेत नजर कुठे असते? तायक्वांदोच्या रंगीत पट्ट्यांची तयारी

वर्गात पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, रोज बिनचूक होतं आणि परीक्षेच्या दिवशी सहाव्या-सातव्या हालचालीला पाय अडतो. रंगीत बेल्टच्या जवळजवळ प्रत्येक परीक्षेनंतर ही तक्रार ऐकू येते. पाठांतर कच्चं होतं म्हणून असं घडतं, असं फार थोड्या वेळा असतं. वर्गात समोर आरसा असतो, सर अंक मोजत असतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढच्या रांगेतला सीनियर दिसत असतो. आपण या तीन टेकूंवर किती रेललेलो आहोत हे रोजच्या सरावात कळत नाही. परीक्षेत तिन्ही एकदम निघून जातात आणि शरीर गोंधळतं.

दुसरी गोष्ट परीक्षकाच्या नजरेची. त्याच्यासमोर एका वेळी चार-सहा जण उभे असतात. वेगाने जाणारी मूठ किंवा लाथ मधल्या टप्प्यात कोणालाच नीट दिसत नाही. दिसतात ती तिची दोन टोकं: हात कुठून निघाला आणि कुठे थांबला, गुडघा किती वर आला आणि लाथेनंतर परत आला का, पाय टेकला तेव्हा बोटं कुठल्या दिशेला होती. म्हणून घाईघाईने केलेली जोरकस हालचाल कमी गुण घेते आणि जरा संथ, पण दोन्ही टोकांना स्वच्छ असलेली हालचाल जास्त घेते. तयारीचा बहुतेक वेळ या टोकांवर घालवावा. खालचा सगळा तपशील त्याच हिशेबाने दिला आहे.

गप म्हणजे काय

तायक्वांदोत ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना गप म्हणतात. त्या उलट्या मोजतात. सुरुवात बहुतेक ठिकाणी १० व्या गपपासून होते, १ ला गप ब्लॅक बेल्टच्या उंबरठ्यावरचा, आणि त्यानंतर दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, सुरू होतात. व्हाइट, यलो, ग्रीन, ब्लू, रेड हा क्रम सर्वसाधारण आहे, पण मधल्या पट्ट्या, टिप (बेल्टच्या टोकावरची रंगीत पट्टी) आणि एखादा जास्तीचा रंग क्लबनुसार बदलतो. हे बदलणं स्वाभाविक आहे, कारण रंगीत बेल्टची परीक्षा क्लब किंवा त्याची संघटना घेते. सोल इथलं कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालय, जे १९७२ साली उभं राहिलं, ते दान आणि १५ वर्षांखालच्या मुलांसाठी पूम यांची प्रमाणपत्रं देतं.

तायक्वांदोचे दोन मोठे प्रवाह आहेत आणि तयारी सुरू करण्याआधी आपण कुठल्या प्रवाहात आहोत हे माहीत हवं. चोई होंग ही यांनी १९६६ साली स्थापन केलेल्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या) परंपरेत पूमसेऐवजी तूल असतात: चोन-जी १९ हालचालींचं, दान-गुन २१, दो-सान २४, वोन-ह्यो २८, युल-गोक ३८. कुक्कीवॉनच्या आणि १९७३ साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या बाजूला तेगुक नावाची आठ पूमसे रंगीत बेल्टसाठी असतात. इथली उदाहरणं तेगुकमधली आहेत. तूल करणाऱ्यांनी नावं आणि मापं आपापल्या सरांकडून घ्यावीत, सरावाची पद्धत मात्र तीच चालेल. इंटरनेटवर दुसऱ्या प्रवाहातला व्हिडिओ बघून सराव करणं ही फार जणांची चूक असते. दोन्हीकडचा खालचा ब्लॉक दिसायला सारखा वाटतो, पण आयटीएफमध्ये हालचालीबरोबर शरीर खाली-वर होतं, कुक्कीवॉनच्या पद्धतीत ते सपाट चालतं. परीक्षकाला हे पहिल्या पावलालाच कळतं.

पाय आधी

हात चुकला तर एक हालचाल चुकते. पाय चुकला तर पुढच्या सगळ्या चुकतात, कारण प्रत्येक वळण मागच्या उभं राहण्यावर अवलंबून असतं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत हात कमरेला ठेवून नुसते पाय चालवावेत.

मापं तळपायाच्या लांबीत मोजायची, आपल्याच तळपायाच्या. आप सोगी ही चालण्याची उभी ठेवण: लांबी साधारण तीन तळपाय, दोन्ही गुडघे सरळ, वजन दोन्ही पायांवर. आप कुबी ही लांब ठेवण: चार ते साडेचार तळपाय लांब, दोन पायांमध्ये आडवं अंतर एका मुठीएवढं, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा ताठ, वजनाचे दोन भाग पुढे आणि एक भाग मागे. पुढचा गुडघा किती वाकवायचा याची खूण सोपी आहे. उभं राहून खाली बघितलं की गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत दिसली पाहिजेत. बोटं स्पष्ट पुढे दिसली तर गुडघा कमी वाकलाय, बोटं गुडघ्याखाली लपली तर जास्त. मागच्या पायाची बोटं ३० अंशांपर्यंतच बाहेर वळलेली असावीत.

आप कुबीत दोन चुका वारंवार होतात. पहिली, दोन्ही पाय एकाच रेषेत येतात, जणू दोरीवर उभे आहोत. मग पंच मारताना कंबर डुलते आणि वळताना तोल जातो. मुठीएवढं आडवं अंतर त्यासाठीच ठेवलेलं आहे. दुसरी, मागची टाच उचलली जाते. याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो. पोटरी आणि घोटा आखडलेले असतात, त्यामुळे ठेवण लांब झाली की टाच जमिनीवर राहत नाही. यावर उपाय लांबी कमी करणं हा नव्हे. रोज भिंतीला हात टेकून मागचा पाय ताठ ठेवून पोटरीचा ताण द्यावा, एका पायाला ३० सेकंद, दोन-तीन वेळा. साधारण महिनाभरात फरक जाणवू लागतो, म्हणून हे काम परीक्षेच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

ग्रीन बेल्टच्या आसपास द्वित कुबी येते. दोन्ही पायांचा कोन काटकोनाचा, लांबी तीन तळपाय, दोन्ही गुडघे वाकलेले, वजन बरंचसं मागच्या पायावर, साधारण ७० टक्के. इथे मागचा गुडघा आत कोसळतो. तो मागच्या पायाच्या बोटांच्या दिशेलाच वाकला पाहिजे. आत पडला तर ठेवण कच्ची दिसते आणि गुडघ्याच्या सांध्यावर पीळ बसतो, म्हणजे हे नुसतं गुणांचं प्रकरण उरत नाही. त्याहून वरच्या पूमसेमधली बोम सोगी, वाघाची ठेवण, जवळपास सगळं वजन मागच्या पायावर घेते. पुढच्या पायाचा फक्त चवडा जमिनीला टेकतो. तपासायचं असेल तर पुढचा पाय हळूच उचलून बघावा. शरीर मागे न झुकता पाय उचलला गेला, तर वजन बरोबर आहे.

फरशीवर चिकटपट्टीने आपल्या मापाच्या खुणा करून घेतल्या तर फार बरं पडतं. डोळे मिटून पाऊल टाकायचं, मग उघडून खुणेशी ताडून बघायचं. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलं की पाय डोळ्यांविना मोजू लागतात, आणि परीक्षेत खाली बघण्याची सवय सुटते. मान खाली गेली की पाठ वाकते, पाठ वाकली की पंचची उंची खाली येते. एवढी साखळी एका नजरेतून सुरू होते.

हाताची सुरुवात आणि शेवट

आरे माक्की, म्हणजे खालचा ब्लॉक, हा पहिल्याच महिन्यात शिकवला जातो आणि ब्लॅक बेल्टपर्यंत चुकत राहतो. ब्लॉक करणारी मूठ विरुद्ध बाजूच्या खांद्यापासून निघते, तळहाताची बाजू चेहऱ्याकडे. दुसरा हात तेव्हा पुढे सरळ असतो. मग एक हात खाली जातो, दुसरा कमरेला ओढला जातो, आणि दोन्ही एकाच क्षणी थांबतात. मूठ पुढच्या मांडीच्या वर साधारण दोन मुठी अंतरावर थांबते. थांबण्याच्या अगदी शेवटी मनगट फिरतं. सुरुवातीलाच फिरवलं तर शेवटी झटका उरत नाही आणि ब्लॉक ढकलल्यासारखा दिसतो.

मोमतोंग जिरुगी, धडावरचा पंच, बरगड्या जिथे मध्ये मिळतात तिथल्या खळग्याच्या उंचीला थांबतो. ओल्गुल जिरुगी, चेहऱ्यावरचा पंच, नाक आणि वरच्या ओठाच्या मधल्या खाचेच्या उंचीला. उंची आपल्याच शरीराची मोजायची. पंच खांद्याच्या उंचीला जातो ही सर्रास दिसणारी चूक आहे, कारण आरशात तोच चांगला वाटतो. ओल्गुल माक्कीत, म्हणजे चेहऱ्यासमोरच्या ब्लॉकमध्ये, मनगट कपाळासमोर एक मूठ अंतरावर, चेहऱ्याच्या मध्यरेषेवर यावं. ते डोक्याच्या वर गेलं किंवा कपाळाला चिकटलं तर दोन्ही चूकच. मोमतोंग आन माक्की, म्हणजे बाहेरून आत येणारा ब्लॉक, शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो, मूठ खांद्याच्या उंचीला. तो पलीकडच्या खांद्यापर्यंत वाहवत गेला तर आपण धड उघडं टाकलं, असा त्याचा अर्थ होतो.

या सगळ्यात सगळ्यात दुर्लक्षित हात म्हणजे ओढला जाणारा. कमरेला आलेली मूठ पट्ट्याच्या जरा वर, तळहात वर, कोपर मागे. ती सैल लोंबकळत राहिली तर पुढचा पंच कितीही चांगला असो, परीक्षकाच्या कागदावर खूण पडते. आमच्या मते नव्या विद्यार्थ्याने आठवडाभर फक्त या मागच्या हाताकडे लक्ष दिलं, तर त्याचा पुढचा हात आपोआप सुधारतो.

तेगुक इल जांग: कुठे अडतं आणि का

पहिलं पूमसे सरळ आहे, पण त्यात तीन सापळे आहेत. सुरुवातीला डावीकडे वळून आप सोगीत आरे माक्की, एक पाऊल पुढे पंच. मागे वळून उजव्या बाजूला तेच. मग डावीकडे वळून समोरच्या दिशेला लांब आप कुबी, आरे माक्की, आणि पाय न हलवता उजव्या हाताचा पंच. इथे पहिला सापळा आहे: आतापर्यंत ‘एक पाऊल, एक हात’ असं चाललेलं असतं, आणि इथे एका पावलावर दोन हात येतात. घाईत दुसरा पंच पाऊल टाकून मारला जातो आणि पुढची सगळी दिशा बिघडते.

दुसरा सापळा लगेच पुढे. आता उजवा पाय उजवीकडे टाकून आप सोगी आणि डाव्या हाताने आन माक्की. आतापर्यंत पुढे असलेल्या पायाचाच हात ब्लॉक करत होता, इथे उलटा हात येतो. यात अडणाऱ्याने पायाच्या मागे न लागता हात आठवावा: आत्ताच उजव्या हाताने पंच मारला आहे, तो कमरेला जाणार, म्हणून ब्लॉक डाव्याचा. शरीराला असं कारण दिलं की ते विसरत नाही.

तिसरा सापळा लांबीचा. या पूमसेमध्ये आप सोगी आणि आप कुबी आलटून पालटून येतात. आडव्या रेषांवर छोटी ठेवण, उभ्या रेषेवर लांब. दोन्हींची लांबी सारखीच झाली, मधलीच काहीतरी, तर परीक्षकाला वाटतं की विद्यार्थ्याला फरक माहीतच नाही. म्हणून फरक मुद्दाम ठळक दिसू द्यावा. वरच्या आडव्या रेषेवर ओल्गुल माक्की, आप चागी (पुढची लाथ), पंच असं दोन्ही बाजूंना होतं. लाथेचा पाय परत गुडघ्याशी आल्याशिवाय खाली टाकला तर तो फार पुढे पडतो आणि छोटी ठेवण आपोआप लांब होते. शेवटी मागच्या दिशेला वळून आप कुबीत आरे माक्की, आणि उजवं पाऊल पुढे टाकून पंच. किहाप, म्हणजे जोराची आरोळी, याच शेवटच्या पंचला.

पूमसे संपलं की जिथून निघालो तिथेच उभं असायला हवं. अर्ध्या पावलाचा फरक चालतो, दोन पावलांचा चालत नाही. जास्त फरक पडत असेल तर कुठलीतरी एक ठेवण लांबीत चुकते आहे. कुठली, ते शोधायला प्रत्येक रेषेवर थांबून जमिनीवर खडूने खूण करावी.

पाठ झालेलं पूमसे पक्कं करण्याचे खात्रीचे उपाय आहेत. खोलीतल्या चारही भिंतींकडे तोंड करून एकेकदा करावं, कारण पुष्कळ जण नकळत ‘खिडकीकडे वळायचं’ असं लक्षात ठेवतात. मधल्याच हालचालीपासून सुरू करून बघावं. कोणी अंक मोजताना आणि कोणी न मोजताना, दोन्ही प्रकारे करावं. परीक्षेत दोन्ही आज्ञा येऊ शकतात: ‘गुर्योंग-ए माच्वो’ म्हणजे अंकांवर, ‘गुर्योंग ओप्शी’ म्हणजे अंकांविना, स्वतःच्या लयीत. अंकांविना करताना वेग वाढत जातो. प्रत्येक हालचालीनंतर एक श्वास सोडून थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढा नियम केला तर लय सांभाळली जाते. आणि फोनवर चित्रीकरण करताना समोरून एकदा, बाजूने एकदा करावं. समोरून हात दिसतात, ठेवणीची लांबी आणि पाठीचा वाक बाजूनेच दिसतो.

लाथा

प्रत्येक लाथेचे चार भाग असतात: गुडघा वर, पाय बाहेर, पाय परत गुडघ्याशी, पाय जमिनीवर. तिसरा भाग गाळला जातो. सोडलेला पाय तसाच खाली पडतो आणि त्याच्यामागे शरीर. हे सुधारण्यासाठी खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून एकेक भाग दोन सेकंद थांबवून करावा, एका पायाने आठ-दहा वेळा. मांडी थरथरेल, तेच हवं आहे.

लागणारा भाग कुठला, हे परीक्षेत तोंडीही विचारतात. आप चागी, पुढची लाथ, चवड्याने लागते. बोटं वर ओढलेली हवीत, नाहीतर पहिल्याच खऱ्या लक्ष्यावर बोट मुरगळतं. दोल्यो चागी, बाजूने गोलाकार मारायची लाथ, पायाच्या वरच्या बाजूने किंवा चवड्याने. योप चागी, बाजूची लाथ, पायाच्या बाहेरच्या कडेने आणि टाचेने. दोल्यो आणि योप या दोन्हींत उभ्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेला फिरली पाहिजे. ती न फिरवता वरचा पाय फिरवायला गेलं की पीळ थेट गुडघ्यावर येतो. सरावात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर आधी हीच गोष्ट तपासावी.

उंचीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. डोक्याच्या उंचीची वाकडी लाथ छातीच्या उंचीच्या स्वच्छ लाथेपेक्षा कमी गुणांची असते. परीक्षेआधीच्या महिन्यात लवचीकपणा खेचून वाढवायला गेलेले कित्येक जण मांडीच्या मागचा स्नायू दुखावून घेतात. सरावाआधी पाय झुलवणं, गुडघे उचलणं असा हालता ताण, आणि थांबून धरायचा ताण सराव संपल्यावर. हा क्रम उलटा करू नये.

भाषा: तुकड्यांनी शिका

कोरियन शब्दांची यादी घोकणाऱ्याला पंधरा दिवस लागतात, तुकडे ओळखणाऱ्याला दोन. आरे खाली, मोमतोंग धड, ओल्गुल चेहरा. आन आत, बाक्कात बाहेर. आप पुढे, योप बाजूला, द्वी मागे. माक्की ब्लॉक, जिरुगी पंच, चागी लाथ, सोगी ठेवण. आता ‘मोमतोंग बाक्कात माक्की’ कधी ऐकलं नसलं तरी कळतं: धडाच्या उंचीचा, बाहेर जाणारा ब्लॉक.

अंकांचे दोन संच आहेत आणि इथे गोंधळ होतो. हालचाली मोजायला हाना, दुल, सेत, नेत, दासोत, योसोत, इल्गोप, योदोल, आहोप, योल. क्रमांक सांगायला इल, ई, साम, सा, ओ, युक, चिल, पाल. म्हणून तिसरं पूमसे ‘साम जांग’, ‘सेत जांग’ नव्हे. आज्ञांमध्ये चार्योत सावधान, क्योंगन्ये नमस्कार, जुन्बी तयार, शिजाक सुरू, कल्यो थांबून वेगळे व्हा, ग्येसोक पुढे चालू, गुमान संपलं, बारो मूळ जागी परत, श्वियो विश्राम.

प्रत्येक तेगुकला एक अर्थ जोडलेला आहे आणि तो तोंडी परीक्षेत येतो: १ आकाश, २ सरोवर, ३ अग्नी, ४ मेघगर्जना, ५ वारा, ६ पाणी, ७ पर्वत, ८ पृथ्वी. आयटीएफच्या बाजूला पाच तत्त्वं विचारतात: सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि न झुकणारी वृत्ती. नुसती नावं न सांगता वर्गातल्या वागण्यातलं एक उदाहरण देता आलं, तर उत्तर लक्षात राहतं.

फाइट आणि फळी

खालच्या बेल्टला बहुधा हानबोन ग्योरुगी असते, एका वारावरचा जोडीचा सराव. हल्ला करणारा पाय मागे घेऊन आरे माक्की करतो, किहाप देतो, समोरच्याच्या किहापची वाट बघतो, मग पाऊल टाकून पंच मारतो. यात बचाव करणाऱ्याची चूक ठरलेली असते: पंच सुटण्याआधीच तो बाजूला होतो, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत असतं. अंतरही आधी मोजून घ्यावं. पंच पूर्ण लांबला तर छातीला जेमतेम टेकेल, इतकं.

मोकळ्या फाइटमध्ये रंगीत बेल्टच्या परीक्षेत कोण जिंकलं याला फारसं महत्त्व नसतं. परीक्षक बघतो की हात वर आहेत का, लाथ मारून उमेदवार पाठ दाखवत नाही ना, आणि ताकदीवर ताबा आहे का. लहान किंवा नवख्या जोडीदाराला जोरात मारणाऱ्याचे गुण जातात, आणि ते जायलाच हवेत. स्पर्धेचे गुण माहीत असावेत: धडावर पंचला १, धडावर लाथेला २, डोक्यावर लाथेला ३, पाठ फिरवून गिरकीने मारलेल्या लाथेला धडावर ४ आणि डोक्यावर त्याहून जास्त. सामान आदल्या रात्री मोजून पिशवीत भरावं: होगू म्हणजे छातीचं कवच, हेल्मेट, नडगीचे आणि हाताचे पॅड, ग्रोइन गार्ड, माउथगार्ड. माउथगार्ड नवा असेल तर तो घालून निदान दोन-तीन सराव करावेत, नाहीतर ऐन वेळी श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

लाकडी फळी तोडणं सगळ्याच क्लबांत नसतं. असेल तर फळी का तुटत नाही हे समजून घ्यावं. पहिलं कारण, मारणारा फळीच्या पृष्ठभागावर नेम धरतो आणि तिथे पोहोचेपर्यंत वेग ओसरतो. नेम फळीच्या मागे वीतभर धरावा. दुसरं, पकडणाऱ्याचे हात मागे जातात आणि जोर फळीत न जाता त्याच्या खांद्यात जातो. पकडणाऱ्याने कोपरं जवळजवळ सरळ ताणून, एक पाय मागे टेकवून उभं राहावं, तळव्याची टाच फळीच्या मागून दाबलेली आणि बोटं पुढच्या बाजूला न आलेली. तिसरं, रेषा. लाकूड आपल्या रेषांच्या बाजूने फाटतं, म्हणून ज्या दोन कडा धरल्या आहेत त्यांना रेषा समांतर हव्यात. आडव्या धरल्या गेल्या तर मोठ्या माणसालाही ती फळी तुटत नाही आणि चवडा सुजतो. पहिल्यांदा फळी तुटली नाही तर लगेच दुप्पट जोर लावू नये. अंतर पुन्हा मोजावं, एकदा सावकाश लाथ नेऊन लावून बघावी, मग मारावी.

आठ आठवड्यांचा हिशेब

परीक्षेची तारीख कळली की मागून मोजायला सुरुवात करावी. पहिल्या दोन आठवड्यांत अभ्यासक्रम लिहून काढणं, नुसते पाय, आणि पोटरी-मांडीचे ताण. पुढचे तीन आठवडे हात आणि लाथा, रोज एकच चूक निवडून. दोन चुका एकदम सुधारायला घेतल्या की एकही सुधारत नाही. सहावा आणि सातवा आठवडा पूर्ण परीक्षेसारखा: डोबोक (तायक्वांदोचा गणवेश) घालून, बेल्ट बांधून, आरशाविना, अनोळखी जागेत जमलं तर उत्तम. क्रमही परीक्षेचाच ठेवावा, आणि पूमसे एकदा दमलेलं असताना करून बघावं, म्हणजे २० बैठका आणि १५ पुशअप झाल्यावर लगेच. खऱ्या परीक्षेत पूमसे नेहमी ताज्या पायांवर येईल असं नाही. आठव्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. या आठवड्यात नवीन काही शिकू नये, सरांनी शेवटच्या क्षणी सांगितलेला एखादा बारकावा सोडून.

जुन्या पूमसेंकडे दुर्लक्ष हे नापास होण्याचं मोठं कारण आहे. ब्लू बेल्टच्या परीक्षेत परीक्षक पहिलं किंवा दुसरं तेगुक करायला सांगू शकतो, आणि बहुतेकदा सांगतोच. आठवड्यातला एक दिवस फक्त मागच्यांसाठी ठेवावा.

त्या दिवशी

जेवण दोन ते तीन तास आधी, हलकं. पाणी थोडं थोडं. हातापायांची नखं कापलेली, अंगठी-साखळी-घड्याळ काढलेलं, डोबोक धुतलेला. बेल्ट बांधताना मध्य पोटावर धरून दोन्ही टोकं मागे फिरवून पुढे आणतात. मागच्या बाजूला दोन्ही वेढे एकावर एक बसले पाहिजेत, पीळ दिसू नये. पुढे आल्यावर वरचं टोक सगळ्या वेढ्यांच्या खालून वर काढायचं आणि मग गाठ. शेवटी दोन्ही टोकं सारख्या लांबीची लोंबायला हवीत. आयटीएफमध्ये बेल्टचा एकच वेढा असतो. गाठ घट्ट बसत नसेल तर घरी वीस वेळा बांधून बघावी, कारण फाइटमध्ये बेल्ट सुटला की सगळा हॉल थांबतो.

बोलावल्यावर मोठ्याने ‘ये’ म्हणजे हो म्हणून पळत जागेवर जायचं. चुकलात तर चेहरा वाकडा करू नका, मान हलवू नका, हसू नका. पुष्कळ चुका उमेदवाराने स्वतः जाहीर केल्या नसत्या तर परीक्षकाला दिसल्याही नसत्या. पूर्ण अडलात तर जुन्बीत उभं राहून हात वर करा आणि पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागा. ती बहुतेक ठिकाणी एकदा मिळते. किहाप पोटातून द्यावा, श्वास झटक्यात सोडत. घशातून ओरडलं की तिसऱ्या पूमसेपर्यंत आवाज बसतो.

शेवटची हालचाल झाल्यावर बारोची आज्ञा येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हात खाली, नजर इकडेतिकडे, डोबोक सारखा करणं, सगळं त्यानंतर. तोवर परीक्षक लिहीत असतो आणि लिहिता लिहिता वर बघत असतो. डोबोक किंवा बेल्ट सारखा करायचाच असेल तर परीक्षकांकडे आणि झेंड्याकडे पाठ करून, आपल्या जागेवरच मागे वळून करायचा. नवा बेल्ट दोन्ही हातांनी घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि तो बांधतानाही तसंच मागे वळायचं.